अजिंठा पिक्सेलमध्ये मावेल का?

गेल्या वर्षी सेमिस्टर संपल्यावर आम्ही चौघं मित्र अजिंठ्याला गेलो. नंदुरबारहून रेल्वेने जळगाव, तिथून एस.टी.ने फर्दापूर आणि पुढे लेण्यांपर्यंत जाणारी बस. एक नंबरच्या लेण्यात शिरलो, तेव्हा बाहेरच्या उन्हामुळे डोळ्यांपुढे नुसता काळोख होता. दोन-तीन मिनिटांनी डोळे सरावले आणि समोरच्या भिंतीवर हातात निळं कमळ धरलेला पद्मपाणी हळूहळू दिसायला लागला. आम्ही चौघंही गप्प झालो. (आमच्या ग्रुपमध्ये असं सहसा होत नाही!)

मग अर्थातच आम्ही मोबाइल काढले. फ्लॅशला बंदी असल्यामुळे फ्लॅशशिवाय पटापट फोटो मारले. हॉस्टेलला आल्यावर धडगावचा माझा रूम पार्टनर म्हणाला, "बघू दे ना." बघितल्यावर त्याने विचारलं, "हे काय आहे, चहा सांडलेला का?" फोटोत खरंच एक तपकिरी डाग होता आणि त्यात कुठेतरी एक नाक.

माझी शाळा कॉन्व्हेंटची. ड्रॉइंगच्या पीरियडला आम्हाला मोनालिसा कोणी काढली ते पाठ होतं, पण घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा पद्मपाणीचं नाव मी अकरावीपर्यंत ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे तो चहाचा डाग मनाला लागला. आपण इंजिनिअरिंगला आहोत, खिशात कॅमेरा आहे, टेबलावर संगणक आहे, मग चित्र नीट दिसायला, नीट अभ्यासायला यांचा काय उपयोग होतो? या प्रश्नाच्या मागे लागून सहा महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितो आहे.

नकलांचं दुर्दैव

चित्राची नक्कल करून ते घरी न्यावं, ही हौस आपलीच नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोहोचला आणि दहा नंबरच्या लेण्यात खांबावर चित्राच्या वरच स्वतःचं नाव व तारीख कोरून गेला. (म्हणजे "अमुक लव्हज तमुक" ही परंपरा जुनी आहे!)

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला पाठवलं. गिल आणि पारो यांची गोष्ट आपल्याला ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे आणि नितीन चंद्रकांत देसाईंच्या २०१२ सालच्या चित्रपटामुळे माहीत आहे. त्याने कित्येक वर्षं मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते, तिथे १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर आपल्याच रेल्वे लाइनवर, भुसावळला आहे.

पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी तीनशेच्या आसपास नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनलाच पुन्हा आग! त्यातल्याही बऱ्याच गेल्या. नंतर जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी केलेल्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवलेल्या होत्या, त्या १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या.

मुद्दा असा, की आगीत गेलेली प्रत नुसती प्रत नव्हती. गिलने बघितलेला प्लास्टरचा एखादा तुकडा नंतर भिंतीवरून पडला असेल, तर त्याची आठवण फक्त त्या कॅनव्हासवर होती. एकच बॅकअप आणि तोही एकाच ठिकाणी! व्हायवाच्या आदल्या रात्री ज्याचा पेनड्राइव्ह करप्ट झाला आहे त्याला हे दुःख समजेल. डिजिटल प्रतीचा पहिला फायदा हाच. तिच्या शंभर प्रती शंभर गावांत ठेवता येतात आणि शंभरावी प्रत पहिलीइतकीच चांगली असते.

भिंतीवर नक्की काय आहे?

बरेच जण याला 'फ्रेस्को' म्हणतात, पण खरा फ्रेस्को ओल्या चुन्यावर काढतात. अजिंठ्याला बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर आधी मातीचा गिलावा दिला. त्यात भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू असं मिसळलेलं असे. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. लाल आणि पिवळा म्हणजे गेरू व पिवळी माती, हिरवा रंगही मातीतलाच, काळा म्हणजे काजळी. निळा मात्र लाजवर्द या दगडाचा आणि तो थेट अफगाणिस्तानकडून आलेला.

खनिज रंग तसे टिकाऊ असतात, पण त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ सेंद्रिय आणि खालचा गिलावा मातीचा. माणसांच्या श्वासातली वाफ गिलावा पितो, किडे तूस खातात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं आणि त्यामुळे तिथे किड्यांचा त्रास कमी झाल्याचं संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. (भांगेचा एवढा सात्त्विक उपयोग आमच्या विंगमध्ये कोणाला सुचला नसता.)

त्यात भर म्हणजे १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावून चित्रं दुरुस्त करून घेतली. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला हे मोठंच काम, पण वरून लाखेचं व्हार्निश मारलं. ते काळाच्या ओघात पिवळं-तपकिरी पडलं. म्हणजे माझ्या फोटोतल्या चहाच्या डागात थोडा दोष मोबाइलचा आणि थोडा त्या व्हार्निशचा!

एका फ्लॅशने काही आभाळ कोसळत नाही. पण प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं. म्हणून नियम सोपा आहे : प्रकाश कमी, वेळ जास्त. बिनॉय बहल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अजिंठ्याचे जे नावाजलेले फोटो काढले, ते अतिशय मंद प्रकाशात, शटर बराच वेळ उघडं ठेवूनच.

पिक्सेलचा हिशोब

आता आपल्या कामाची गणितं. समजा भिंतीचा ४ मीटर × ३ मीटरचा भाग आहे आणि मोबाइल १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल. भागाकार केला की एक पिक्सेल = एक मिलिमीटर. ठीक वाटतं ना? पण पापणीची रेघ किंवा केसांची बारीक बट एक मिलिमीटरपेक्षा नाजूक असते. ती या फोटोत येणारच नाही. झूम करून उपयोग नाही. जे टिपलंच नाही ते झूम कुठून दाखवणार?

एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा हवा असेल तर ४०,००० × ३०,००० म्हणजे १२० कोटी पिक्सेल लागतात. याला 'गिगापिक्सेल' चित्र म्हणतात. एका फटक्यात ते निघत नाही, तुकड्या-तुकड्यांत काढावं लागतं. शेजारचे फोटो एकमेकांवर ३० टक्के चढलेले ठेवले, तर प्रत्येक फोटोत नवा भाग ०.७ × ०.७ = ०.४९, म्हणजे निम्माच मिळतो. म्हणून शंभराऐवजी दोनशेच्या वर फोटो लागतात.

हे फोटो शिवतात कसे? दोन फोटोंतल्या सारख्या खुणा (भेग, डोळ्याचा कोपरा, ठिपका) सॉफ्टवेअर शोधतं आणि एका फोटोवरून दुसऱ्यावर नेणारं ३ × ३ चं मेट्रिक्स काढतं. त्यात आठ अज्ञात संख्या असतात. एका जोडीतून दोन समीकरणं मिळतात, म्हणून निदान चार जोड्या लागतात. प्रत्यक्षात शेकडो घेतात, कारण काही जोड्या चुकीच्या निघतात. हे गणित भिंत सपाट असली तरच नीट चालतं. खांब, कमानी, छत यांच्यासाठी वेगवेगळ्या जागांवरून फोटो काढून त्रिमितीय मॉडेल बनवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, १२० कोटी पिक्सेल गुणिले ३ बाइट म्हणजे ३.६ जीबीची फाइल, ती हॉस्टेलच्या वाय-फायवर उघडेपर्यंत आपण पास आउट होऊ! यावरची युक्ती मला फार आवडली. चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती आधीच करून ठेवतात : निम्म्या रुंदी-उंचीची, पाव रुंदी-उंचीची, अशा. प्रत्येक प्रतीचे २५६ × २५६ चे चौकोन पाडतात. तुम्ही जिथे बघताय तेवढेच चौकोन सर्व्हर पाठवतो, मोबाइलच्या स्क्रीनला पन्नास-साठ पुरतात. या सगळ्या प्रतींची जादा जागा किती? १/४ + १/१६ + १/६४ + ... = १/३. ज्यांनी भूमितीय श्रेढी पाठ करून विसरून टाकली त्यांच्यासाठी हा पुरावा, की ती कुठेतरी वापरतात! फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या आर्ट प्रोजेक्टमध्ये जगातल्या संग्रहालयांतली मोठमोठी चित्रं ब्रशच्या फटकाऱ्यापर्यंत झूम करता येतात, ती याच युक्तीने. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने भारतीय संग्रहालयांतल्या वस्तूंच्या डिजिटल नोंदींसाठी 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर केलं आहे.

अंधारातला फोटो

मंद प्रकाशात फोटोवर वाळूसारखे कण दिसतात, तो नॉइज. तो प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी उड्या मारतो, चित्र मात्र जागेवर असतं. म्हणून एकाच जागेचे अनेक फोटो काढून सरासरी घेतली की नॉइज कमी होतो. सूत्र सोपं आहे : 'एन' फोटो घेतले तर नॉइज वर्गमूळ 'एन' पटीने घटतो. सोळा फोटोंत तो पाव होतो. मोबाइलचा 'नाइट मोड' हेच करतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा अजिंठ्याला गेलो. ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून श्वास रोखून हातानेच पद्मपाणीच्या गळ्याजवळच्या भागाचे सोळा फोटो काढले. रूमवर येऊन ते एकमेकांवर बसवले आणि सरासरी काढली. त्याच सुमारास पार्टनरची आई त्याला भेटायला आली होती. स्क्रीनवर बोट ठेवून मावशी म्हणाल्या, "हे मोत्यांचे सर बघ, मधलाच पीळ घातलेला दिसतो." मी दोनदा जाऊन आलो होतो, पण मला दागिना म्हणजे दागिना एवढंच दिसलं होतं. मण्यांच्या माळा ओवण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांना पीळ दिसला. अभ्यास म्हणजे काय, ते त्या दिवशी थोडं कळलं. चित्र जितक्या जास्त लोकांसमोर स्पष्ट जाईल, तितकं ते जास्त उलगडेल. मावशी अजिंठ्याला कधी गेलेल्या नाहीत.

गेलेला रंग परत दिसतो?

आता सगळ्यात मजेदार भाग. आपल्या जुन्या हॉस्टेलच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर कुठल्यातरी जुन्या बॅचने गेरूने वारली पद्धतीचा तारपा नाच काढला होता. पावसाने तो इतका धुऊन निघाला आहे, की आम्ही चौघांनी निरखून बघितलं तरी पाचच माणसं मोजता आली.

फिकट चित्रात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे बरोबरीने वर-खाली होतात. उजेड जास्त तिथे तिन्ही जास्त, सावली तिथे तिन्ही कमी. प्रत्येक पिक्सेल हा त्रिमितीय अवकाशातला बिंदू धरला, तर सगळे बिंदू मिळून लांबट काकडीसारखा ढग होतो. काकडीची लांबी म्हणजे उजेड-सावली. रंगातला खरा फरक तिच्या जाडीत दडलेला असतो आणि तो इतका थोडा असतो, की डोळ्याला जाणवत नाही.

मग काय करायचं? तीन रंगांचं कोव्हेरियन्स मेट्रिक्स काढायचं, त्याच्या आयगेन व्हेक्टरच्या दिशेने ढग फिरवायचा, प्रत्येक दिशेला त्या दिशेच्या प्रमाण विचलनाने भागायचं आणि पुन्हा उलटं फिरवायचं. काकडीचा चेंडू होतो! जाडीत दडलेला फरक लांबीइतकाच मोठा होतो आणि गेरू लालभडक दिसायला लागतो. याला डीकोरिलेशन स्ट्रेच म्हणतात. ही पद्धत उपग्रहाच्या फोटोंतले खडक ओळखण्यासाठी वापरली जात होती. जॉन हार्मन यांनी २००५ मध्ये ती 'डी-स्ट्रेच' या नावाने गुहाचित्रांसाठी आणली आणि जगभरचे पुरातत्त्ववाले आज ती वापरतात. 'इमेज-जे' या मोफत सॉफ्टवेअरवर ती चालते. ऑक्टेव्हमध्ये लिहायची तर दहा-बारा ओळी पुरतात. एम-वनला आयगेन व्हॅल्यू काढताना "याचा आयुष्यात काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांनी (म्हणजे मीसुद्धा) इथे कान पकडावेत.

एक काळजी घ्या. ही पद्धत रंगाबरोबर नॉइजही ताणते. म्हणून आधी सोळा फोटोंची सरासरी, मग स्ट्रेच.

आमच्या भिंतीवर पाचाची पंधरा माणसं झाली आणि मधोमध तारपा वाजवणाराही सापडला! आम्ही उड्या मारत वॉचमन काकांना स्क्रीन दाखवली. ते इथे सुरुवातीपासून आहेत, चित्र काढलं तेव्हाही होते. त्यांनी शांतपणे बघितलं आणि उजवीकडच्या एका माणसावर बोट ठेवलं. "तठे मानूस नही व्हता रे भो, तठे पाइप गळत व्हता."

म्हणजे खरी माणसं चौदा. पंधरावा गंजाच्या पाण्याचा ओघळ. गंज आणि गेरू दोन्ही लोहाचेच, संगणकाला फरक काय कळणार?

दुरुस्ती आणि कल्पना

हा पंधरावा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार अनेक वर्षं अजिंठ्याची चित्रं टिपून त्यांचं संगणकावर पुनरुज्जीवन करत आले आहेत. मूळ भिंतीला हात न लावता, डाग आणि भेगा काढून चित्र कसं असेल ते दाखवायचं, हे चिकाटीचं काम आहे. भिंतीवर व्हार्निश मारलं की ते काढणं कठीण, संगणकावरची चूक मात्र एका क्लिकने मागे घेता येते. हा मोठाच फरक.

पण इथेच जबाबदारी येते. आज एखादं सॉफ्टवेअर मोकळी जागा क्षणात भरून देतं. पडलेल्या गिलाव्याच्या जागी ते सुंदर हातही काढेल. पण तो हात पाचव्या शतकातल्या चित्रकाराचा नसेल. बघणाऱ्याला हे कळलं नाही, तर आपण जॉन स्मिथपेक्षा वाईट. त्याने निदान खाली सही केली होती! म्हणून मला वाटतं तीन थर वेगळे ठेवावेत : जसं टिपलं तसं, रंग ताणून दिसलं ते आणि अंदाजाने भरलेलं. तिसऱ्या थरावर तसं स्पष्ट लिहावं. आपण ड्रॉइंगमध्ये दिसणारी कड सलग रेघेने आणि लपलेली कड तुटक रेघेने दाखवतो, तसंच हे.

आणि हे सगळं करूनही स्क्रीन म्हणजे लेणं नव्हे. अंधारात दोन-तीन मिनिटं उभं राहिल्यावर चित्र समोर येणं, त्याच्यापुढे आपण केवढेसे आहोत हे कळणं, पलीकडच्या कुशीतल्या बुद्धमूर्तीशी त्याचं असलेलं नातं, हे मोबाइलच्या सहा इंचात येत नाही. मी मात्र पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच न कळता बघितलं आणि दुसऱ्यांदा स्क्रीनवर शिकून गेलो तेव्हा जास्त दिसलं.

आपल्या भिंती

अजिंठ्याकडे लक्ष देणारे खूप आहेत. पण सातपुड्यात बघा. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूर आणि अलिराजपूरकडे राठवा, भिलाला लोकांच्या घरात नवसासाठी पिठोऱ्याचे घोडे भिंतीवर काढतात. मातीची भिंत जाऊन सिमेंटची आली, की जुने घोडे गेले. आपल्याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडीतात आली. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. त्या घरांचे खांब, दारं, भिंती कशा होत्या हे आज झूम करून बघता येईल का? पार्टनर म्हणतो, त्याच्या मामांच्या जुन्या घराचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात भिंतीपुढे पाहुणे उभे आहेत.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा गावातली एखादी रंगवलेली भिंत, देवळातली मूर्ती, कोरीव दार नीट टिपा. फ्लॅश बंद, कॅमेरा भिंतीला समांतर, शेजारी एक पट्टी आणि पांढरा कागद (माप आणि रंग दोन्ही जुळवायला), एका जागेचे सोळा फोटो. आणि आधी घरच्यांना विचारा. पिठोरा ही कोणाची तरी पूजा आहे, आपल्या स्टेटससाठी ती नाही. नाही म्हणाले तर हात जोडून परत या.

जाता जाता रेक्टर सरांना एक विनंती. मे महिन्यात जुन्या हॉस्टेलला रंग द्यायचा आहे असं कळलं. रंग जरूर द्या, सर, भिंतीला ओल आली आहे. फक्त टाकीजवळची भिंत शेवटी घ्या. आम्हाला तिचे दोनशे फोटो काढायचे आहेत आणि परीक्षा २५ तारखेला संपते. वॉचमन काका पट्टी धरायला तयार आहेत.